हिंवतापाची पिवळी गोळी व सैनिकांचे त्वग्रोग

कल्याण स्टेशन सोडून आगगाडी कर्जतच्या दिशेनें निघाली म्हणजे विठ्ठलवाडीच्या मागून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें ओळीनें लागतात. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मधील, म्हणजे साडेनऊशें वर्षांहूनहि जुनें. बदलापूर हेंहि जुनेंच गांव. उल्हासनगर मात्र ह्या दोघांच्या मानानें अगदीं कालचें. तेथील रहिवासी आपला पत्ता सांगतांना अजूनहि "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर पांच" असें सांगतात. हा 'कॅम्प' शब्द सिंधी निर्वासितांच्या छावणीपासून आला असावा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु निर्वासितांच्या आधींहि ती छावणीच होती, आणि ती होती सैनिकांची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबई बंदरांतून ये-जा करणाऱ्या पलटणींना कांहीं दिवस ठेवून घेण्यासाठीं सरकारनें कल्याणजवळ एक विस्तीर्ण छावणी उभारली. 'कल्याण मिलिटरी ट्रॅन्झिट कॅम्प' ह्या नांवानें ती ओळखली जाई. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांची सोय ह्याच रिकाम्या बराकींत करण्यांत आली. आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नगरास नांव मिळालें आणि सैनिकांची आठवण तेवढी त्या 'कॅम्प' शब्दांत उरली.

अशा छावण्यांतून पूर्वेकडील आघाडीवर गेलेल्या सैनिकांना शत्रूच्या बंदुकीइतकीच भीति डांसाच्या सोंडेची होती. तिच्यावर उपाय म्हणून त्यांना दररोज एक पिवळी गोळी घ्यावी लागे. त्या गोळीनें असंख्य माणसें हिंवतापापासून वांचलीं; आणि त्याच गोळीनें कांहीं थोड्यांची कातडी बिघडून गेली, ती कित्येकांची पुन्हा पूर्ववत् झालीच नाहीं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झांकणें हें जसें अयोग्य, तसेंच दुसरीचा बाऊ करून पहिली विसरणें हेंहि अयोग्य. घरोघरीं औषधांची पेटी ज्यांच्या ताब्यांत असते त्यांना ह्या जुन्या हकीकतींतून आजहि बरेंच शिकण्यासारखें आहे, म्हणून ती येथें सविस्तर देत आहों.

कोयनेलचा दुष्काळ

आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस हिंवतापावर दोनच औषधें ठाऊक होतीं: घरांतला काडेचिराइताचा काढा आणि दवाखान्यांतलें कोयनेल. काढ्यानें तोंड कडू होई; तापाचें मूळ मात्र कोयनेलनेंच हालत असे. हें कोयनेल सिंकोना नांवाच्या झाडाच्या सालीपासून निघतें. निलगिरींत व दार्जिलिंगच्या बाजूस सरकारी मळे होते, आणि कित्येक प्रांतांत टपालकचेरींतूनहि कोयनेलच्या पुड्या विकत मिळत. तथापि जगाच्या गरजेपैकीं सुमारें नऊ दशांश माल येई तो जावा बेटांतून, डच लोकांच्या मळ्यांतून. मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं जावा घेतलें आणि एका फटक्यासरशीं दोस्तांचें कोयनेल तुटलें. ज्या आघाड्यांवर लढावयाचें त्या ब्रह्मदेश, आसाम, न्यू गिनी अशा, म्हणजे हिंवतापाचीं माहेरघरेंच. औषधावांचून तेथें सैन्य उभें करणें म्हणजे तें डांसांच्या स्वाधीन करण्यासारखें होतें.

कोयनेलच्या जागीं घेण्याजोगें एकच औषध हाताशीं होतें, आणि तें शत्रूच्या देशांत शोधलेलें. जर्मनींतील एल्बरफेल्ड येथें बायर कंपनीच्या प्रयोगशाळेंत मीट्श व माउस ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं तें १९३१ च्या सुमारास तयार केलें व किकुट नांवाच्या शास्त्रज्ञानें हिंवताप झालेल्या पक्ष्यांवर त्याची परीक्षा पाहिली. त्याचें कूळ मोठें गमतीचें आहे. पॉल एर्लिख ह्या प्रसिद्ध वैद्यकसंशोधकास १८९१ मध्यें असें आढळलें होतें कीं, मिथिलीन ब्लू नांवाचा निळा रंग हिंवतापाच्या जंतूंस मारक ठरतो. तोच धागा धरून रंगांच्या कारखानदारांनीं औषधांचा शोध चालविला व त्यांतून हें पिवळें द्रव्य निघालें. जर्मनांनीं त्यास 'एटेब्रिन' म्हटलें, इंग्रजांनीं 'मेपाक्रिन', आणि अमेरिकनांनीं 'क्विनाक्रिन'. युद्ध पेटल्यावर इंग्लंड-अमेरिकेच्या कारखान्यांत तें मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागलें.

सैन्य पिवळें झालें

गोळी मिळाली, पण ती किती द्यावी हें नीट कळलें नव्हतें. आठवड्यांतून दोनदां दिली तर ताप येतच राही. एकदम जास्त दिली तर पोट बिघडे व ओकाऱ्या होत. ह्या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्या मनुष्याचा आमच्या मुंबईशीं जुना संबंध होता. नील हॅमिल्टन फेअरली हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२२ ते १९२५ पर्यंत मुंबईच्या बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरींत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें, काम करीत होते व जे. जे. रुग्णालयाचे सल्लागारहि होते. नारू आणि संग्रहणी ह्या आपल्याकडील रोगांचा त्यांनीं येथें अभ्यास केला. त्यांतली संग्रहणी तर त्यांना स्वतःलाच जडली व त्यामुळें त्यांस विलायतेस परत जावें लागलें.

१९४३ पासून ह्याच फेअरलींनीं ऑस्ट्रेलियांतील केर्न्स येथें सैनिकांवर शिस्तबद्ध प्रयोग केले. आपण होऊन पुढें आलेल्या सैनिकांना हिंवतापाचे डांस चावविण्यांत आले. गोळी चालू ठेवून त्यांना लांबवर चालावयास लावलें, थंड खोल्यांत ठेवलें, नाना तऱ्हांनीं थकविलें. दररोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी न चुकतां घेणाऱ्यास ताप येत नाहीं, असें ह्या प्रयोगांतून ठरलें. 'न चुकतां' हे शब्द ह्यांत सर्वांत महत्त्वाचे होते.

कारण सैनिक गोळी चुकवीत. ती अतिशय कडू. घेतां घेतां अंगाचा व डोळ्यांचा रंग काविळीसारखा पिवळा होई. आणि तिनें पौरुष नाहींसें होतें अशी कंडी सर्वत्र पिकली होती. वस्तुतः हा पिवळेपणा काविळीचा नव्हता. औषध मुळांत रंगाच्या घराण्यांतलें. तें कातडींत साठून राही आणि गोळी बंद केल्यावर कांहीं आठवड्यांनीं ओसरे. पण तरुण शिपायास हें कोणीं समजावून सांगावें?

ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल विल्यम स्लिम ह्यांच्या चौदाव्या सैन्याची १९४३ मधील स्थिति अशी होती कीं, जखमी होऊन मागें पाठविलेल्या एका सैनिकामागें आजारानें मागें पाठविलेले १२० असत. हिंवतापाचें वार्षिक प्रमाण शेंकडा ८४ होतें. स्लिम ह्यांनीं हा प्रश्न डॉक्टरांचा न मानतां सेनापतींचा मानला. ते अचानक एखाद्या पलटणीची तपासणी करवीत. गोळी घेतल्याची खूण शेंकडा ९५ माणसांत सांपडली नाहीं, तर त्या पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरास दूर करीत. असे तिघे अधिकारी गेले, आणि बाकीच्यांनीं काय तें ओळखलें. १९४५ च्या मध्यापर्यंत आजाऱ्यांचें प्रमाण दररोज हजारीं एकावर आलें. ह्याच सैन्यांत आपली मराठा पलटणहि होती. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील संगशाक येथें जपान्यांची वाट रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. त्या जवानांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतांना ह्या पिवळ्या गोळीचें नांव कोणी घेत नाहीं. पण तापानें फणफणलेला शिपाई खंदकांत उभाहि राहूं शकत नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

दगडफुलासारखे चट्टे

गोळी रोज व महिनेच्या महिने चालूं लागल्यावर एक नवीनच रोग डॉक्टरांच्या पुढें आला. १९४३ पासून न्यू गिनीच्या आघाडीवरील ऑस्ट्रेलियन व अमेरिकन सैनिकांच्या अंगावर विलक्षण चट्टे दिसूं लागले. पुढें आसाम-ब्रह्मदेशाकडूनहि असेच रोगी येऊं लागले.

हे चट्टे जांभळट, कडक व खाजरे असत. कांहीं चकचकीत व चपटे, तर कांहीं चामखिळीसारखे जाड. ते पापण्यांवर, ओंठांवर, मनगटांवर, नडग्यांवर आणि तळपायांवर येत. तोंडाच्या आंतल्या बाजूस पांढऱ्या जाळीसारख्या रेषा उमटत. कित्येकांची कातडी इसबासारखी ओली होऊन पाझरे व तिच्यावर खपल्या धरत. रोग वाढल्यास केस झडत आणि नखें गळून पडत.

त्वचारोगांत पूर्वींपासून ठाऊक असलेल्या 'लायकेन प्लानस' नांवाच्या विकाराशीं ह्याचें पुष्कळ साम्य होतें. लायकेन म्हणजे खडकांवर व झाडांच्या सालीवर वाढणारें दगडफूल; आमच्या गृहिणी गोडा मसाला करतांना घालतात तेंच. शिळेवर दगडफूल चिकटावें तसे ते चट्टे अंगाला चिकटल्यासारखे दिसतात, म्हणून हें नांव. सैनिकांच्या नव्या रोगास डॉक्टरांनीं 'उष्ण कटिबंधांतील लायकेनसदृश त्वग्रोग' असें लांबलचक नांव दिलें.

त्या नांवांतच एक चूक दडलेली होती. दोष उष्ण कटिबंधावर ढकलला गेला होता. आणि तसें वाटणें साहजिकहि होतें. जंगलांत पाऊस, चिखल, घाम, ओले बूट. दाद, नायटा, घामोळें व पिकलेले ओरखडे तर प्रत्येकाच्याच अंगावर. त्यांत हे आणखी एक. कोणी म्हणे बुरशी, कोणी म्हणे ऊन, कोणी म्हणे डब्यांतल्या अन्नांत जीवनसत्त्वें नाहींत म्हणून. रोज सर्वांच्या पोटांत जाणारी गोळी समोर असूनहि ती सर्वांच्याच पोटांत जात असल्यामुळें दृष्टीआड झाली. शेजारच्यानेंहि तीच गोळी घेतली व त्याला कांहीं झालें नाहीं, मग ह्यालाच कसें होईल, असा तो तर्क.

बिब्बा सर्वांनाच उतत नाहीं

हा तर्क किती फसवा आहे हें आमच्या घरांतील वडील बायकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. एकाच बिब्ब्यानें दहा जणांच्या अंगावर खूण केली तर नवांना कांहीं होत नाहीं. दहाव्याच्या अंगावर तो उततो, फोड येतात, तोंड सुजतें. बिब्बा तोच, अंग निराळें. शरीराच्या आंत रोगाशीं लढणारी जी यंत्रणा आहे, ती क्वचित् एखाद्या परक्या द्रव्यास शत्रु समजून चवताळते व त्या रागांत स्वतःच्याच कातडीवर तुटून पडते. मेपाक्रिनच्या बाबतींत कांहीं थोड्या सैनिकांच्या शरीरांत असाच प्रकार घडत होता. बिब्ब्याचा परिणाम एक-दोन दिवसांत दिसतो. ह्या गोळीचा कित्येक महिन्यांनीं दिसे. त्यामुळें दोहोंचा संबंध लक्षांत येण्यास वेळ लागला.

तो लक्षांत आला तो बारीक निरीक्षणानें. हवा बदलली, छावणी बदलली, रोग्यास समुद्रापार नेलें, तरी गोळी चालू असेपर्यंत चट्टे हटत नसत. गोळी थांबविली कीं ते हळूहळू मावळूं लागत. आणि पुन्हा सुरू केली कीं परत उमटत. 'थांबविल्यावर बरें, दिल्यावर पुन्हा' ही कसोटी औषधाचा दोष ओळखण्याच्या कामीं आजहि महत्त्वाची मानतात. (घरच्या घरीं मात्र ती कोणीं करून पाहूं नये; कांहीं औषधांच्या बाबतींत दुसऱ्या खेपेस प्राणावर बेततें.) आसामांतील लेडो-मार्गेरिटाच्या बाजूस अमेरिकनांचें विसावें जनरल हॉस्पिटल होतें. तेथें त्वचारोगांचें काम पाहणारे डॉक्टर क्लॅरेन्स लिव्हिंगुड ह्यांनीं एका सहकाऱ्याबरोबर १९४५ च्या अखेरीस ह्या औषधाच्या दुष्परिणामांवर एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला. तोंपर्यंत हवेचा आळ फिटून गोळीचा दोष मान्य झाला होता.

हिशेब

आतां सेनापतीच्या जागीं आपण आहों अशी कल्पना करा. दररोज एक गोळी ह्या प्रमाणांत हा त्वग्रोग साधारणतः दोन हजारांत एकास होई. मात्रा दुप्पट केल्यास पांचशांत एकास. एक लाख सैनिक धरले तर पन्नास जणांच्या अंगावर चट्टे येणार. आणि गोळी दिलीच नाहीं तर? स्लिम ह्यांचा १९४३ चा आंकडा लावल्यास त्याच एक लाखांत वर्षांतून हिंवतापाचे ८४ हजार प्रसंग, आणि त्यांत मेंदूस चढणाऱ्या तापानें कित्येक मृत्यु. हा हिशेब इतका सरळ आहे कीं, गोळी चालू ठेवणें भागच होतें. ती चालू ठेवली गेली, हें योग्यच झालें.

परंतु हिशेब इथेंच संपवितां येत नाहीं. पन्नास हा आंकडा लाखाच्या शेजारीं लहान दिसतो. त्या पन्नासांतील प्रत्येकाच्या घरीं मात्र तो शंभरांत शंभर असतो. चट्टे गेल्यावर त्या जागीं काळे डाग राहिले, कातडी पातळ झाली. कित्येकांच्या घामाच्या ग्रंथीच नष्ट झाल्या. घाम न येणें ही थंड देशांत केवळ गैरसोय. पण उन्हाळ्यांत शेतावर वा भट्टीजवळ राबणाऱ्यास ती जीवावरची गोष्ट, कारण घामावांचून अंगांतली उष्णता बाहेर जात नाहीं. क्वचित् एखाद्या रोग्याच्या हाडांतील मज्जा रक्त करण्याचेंच सोडून देई, व त्यांतून फार थोडे वांचत. पुढें १९८१ मध्यें बाउअर नांवाच्या ऑस्ट्रेलियांतील त्वचारोगतज्ज्ञानें असें प्रसिद्ध केलें कीं, त्या काळीं हा रोग झालेल्या कांहीं माजी सैनिकांच्या बिघडलेल्या कातडीवर अनेक वर्षांनंतर कर्करोग उद्भवला. युद्ध संपलें, गोळी बंद झाली, पदकें मिळालीं. तरी त्यांच्यापुरतें तें प्रकरण मिटलें नव्हतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, लाखांसाठीं औषध देणाऱ्यावर त्या पन्नासांना वेळेवर ओळखण्याचीहि जबाबदारी असते. पहिला चट्टा दिसतांच गोळी थांबविली, दुसरें औषध दिलें, तर रोग बहुधा फारसा वाढत नसे. ज्याच्या चट्ट्यास 'घामोळें आहे, जाईल' म्हणून गोळी तशीच चालू ठेवली गेली, त्याचे हाल झाले. अपाय औषधानें केला हें खरें, पण तो वाढविला दुर्लक्षानें.

अपायांतून उपाय

ह्या कथेस एक अनपेक्षित फांटा फुटला. जें औषध कांहींची कातडी बिघडवी, तेंच कांहींची सुधारतें असें आढळून आलें. 'ल्यूपस' नांवाच्या रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते. गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा तांबडा चट्टा येतो, सांधे दुखतात, मूत्रपिंडांसहि इजा पोंचते. तरुण स्त्रियांत हा रोग पुरुषांपेक्षां पुष्कळच अधिक. १९५१ मध्यें डॉ. पेज ह्यांनीं इंग्लंडांतील 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकांत मेपाक्रिननें ल्यूपसच्या रोग्यांस गुण आल्याचें प्रसिद्ध केलें.

मेपाक्रिनचें युग तोंवर मावळत चाललें होतें. बायरच्याच प्रयोगशाळेंत १९३४ मध्यें तयार होऊन बाजूस पडलेलें क्लोरोक्विन हें औषध युद्धानंतर पुढें आलें. तें अंग पिवळें करीत नसे व एकंदरीनें सोसेहि अधिक. त्याचेंच भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन १९५५ मध्यें प्रचारांत आलें. आज आपल्या ओळखीच्या घरांत संधिवातासाठीं वा ल्यूपससाठीं एखादी मावशी किंवा वहिनी ही गोळी वर्षानुवर्षें घेत असेल, तर ती त्या सैनिकी गोळीच्याच वंशांतली आहे हें तिला ठाऊकहि नसेल. ही गोळी फार वर्षें घेणारांच्या डोळ्यांच्या पडद्यास क्वचित् अपाय होतो. म्हणून डॉक्टर वजनाप्रमाणें मात्रा ठरवितात व ठराविक मुदतीनें डोळे तपासून घेण्यास सांगतात. ही तपासणी कंटाळा करून टाळूं नये. २०२० च्या कोविडच्या सांथींत लोकांनीं हीच गोळी घाबरून साठवून ठेवली. पुढें मोठ्या परीक्षांत तिचा त्या रोगावर उपयोग नाहीं असें ठरलें. मधल्या काळांत ल्यूपसच्या रोग्यांस मात्र ती मिळेनाशी झाली होती.

घरच्या औषधपेटीकडे पाहतांना

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यांत आतां सैन्याची छावणी नाहीं. पावसाळा व डांस मात्र आहेत. शहरी हिंवताप पसरविणारा डांस गच्चीवरील उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि नव्या इमारतींच्या साठलेल्या पाण्यांत वाढतो. थंडी वाजून ताप आला तर प्रथम रक्त तपासावें, आणि मगच औषध घ्यावें. हिंवताप दोन मुख्य जातींचा. 'व्हायव्हॅक्स' जातीवर क्लोरोक्विन तीन दिवस व प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. चौथ्या दिवशीं ताप उतरला म्हणून पुष्कळजण उरलेल्या गोळ्या फेंकून देतात. मग यकृतांत दडून बसलेले जंतु पुन्हा डोकें वर काढतात. सैनिकांस जी शिस्त स्लिम ह्यांनीं लावली ती घरांत वडील माणसांनीं लावावी. प्रायमाक्विन गर्भवतीस देत नाहींत. कांहीं माणसांच्या रक्तांत जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. त्यांचें रक्त ह्या गोळीनें फुटतें. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. दुसऱ्या, अधिक घातक 'फॅल्सिपेरम' जातीवर आर्टेमिसिनिनच्या वर्गांतील औषधें दुसऱ्या औषधाच्या जोडीनें देतात.

औषध घेत असतांना अंगावर कांहीं उमटलें तर काय करावें? पुढील गोष्टी ध्यानांत असाव्या.

पहिली गोष्ट: साधें पुरळ व धोक्याचें पुरळ ह्यांत फरक आहे. पुरळाबरोबर ताप, तोंडांत वा डोळ्यांत फोड, कातडी दुखरी होऊन सोलून निघणें, चेहरा सुजणें, श्वास लागणें, ह्यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. सल्फाच्या वर्गांतील औषधांनीं असा प्रकार कधीं कधीं घडतो. हिंवतापावर वापरलेल्या कांहीं औषधांतहि सल्फा असतें.

दुसरी गोष्ट: एकाच जागीं, विशेषतः ओंठावर वा हातावर, वरचेवर उमटणारा वाटोळा काळसर डाग दिसला, तर त्या त्या वेळीं कोणतें औषध घेतलें होतें हें आठवून पाहावें. तेंच औषध पुन्हा घेतलें कीं तोच डाग त्याच जागीं उठतो, असा एक औषधजन्य विकार आपल्याकडे पुष्कळ आढळतो. त्यास नायटा समजून दुकानांतून मलम आणण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

तिसरी गोष्ट: औषध सुरू केल्याला महिने झाले म्हणून तें निर्दोष ठरत नाहीं. सैनिकांचे चट्टे महिन्यांनींच आले होते. उलटपक्षीं, पुरळ दिसलें म्हणून हृदयाचें, मिरगीचें वा हिंवतापाचें औषध आपल्याच मनानें एकाएकीं बंद करणेंहि घातक. त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें व त्यांनीं सांगितल्याप्रमाणें करावें.

चौथी गोष्ट अशी कीं, एकत्र कुटुंबांत दहा-बारा माणसें व एकच औषधपेटी असते. एकास लागू पडलेली गोळी दुसऱ्यास दिली जाते. ही चाल सोडून द्यावी. त्याऐवजीं पेटींत एक लहानशी वही ठेवावी व तींत प्रत्येकाच्या नांवापुढें कोणतें औषध सोसत नाहीं, तें घेतल्यावर काय झालें आणि कोणत्या सालीं, एवढें लिहावें. नवी सून घरांत आली म्हणजे तिला काय आवडतें, कोणता उपास करते हें सर्वजण विचारतात. कोणतें औषध सोसत नाहीं हें सहसा कोणी विचारीत नाहीं. पहिल्याच महिन्यांत तिचेंहि पान त्या वहींत असावें. डॉक्टरांकडे जातांना ती वही बरोबर न्यावी.

औषधाचा अपाय झाल्यास तो सरकारच्या औषधसुरक्षा विभागास कळविण्याची सोय २०१० पासून देशभर आहे. डॉक्टरांप्रमाणेंच रोगी किंवा त्याचे नातलगहि १८००-१८०-३०२४ ह्या क्रमांकावर विनाशुल्क कळवूं शकतात. एकट्या माणसाची तक्रार क्षुल्लक वाटते; पण आसामच्या व न्यू गिनीच्या रुग्णालयांत एकेका शिपायाच्या चट्ट्याची नोंद कोणीं ठेवली नसती, तर त्यांचें साम्य कोणास दिसलेंच नसतें.

त्या युद्धांतले जवान आपल्या भागांतूनहि गेले. कित्येक मराठी घरांत अजून एखाद्या आजोबांचें पदक किंवा गणवेशांतील फोटो जपून ठेवलेला आढळतो. त्यांच्या अंगावर कधीं जांभळट डाग होते काय, त्यांना घाम येत नसे काय, हें त्यांनीं कोणास सांगितलें नसेल व कोणीं विचारलेंहि नसेल. त्यांना विचारण्याची वेळ आतां बहुतेक निघून गेली आहे. पण आज आपल्या घरांत जीं माणसें रोज उठून गोळ्या घेतात, त्यांना 'औषध घेतलें का?' हें जसें आपण विचारतों, तसेंच 'तें सोसतें ना?' हेंहि विचारावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.